फाइलचं वय विचारण्याआधी

चि. सोन्यास,


तुझी स्क्रिप्ट वाचली. रात्रीचा बॅकअप झाला नाही तर सकाळी साहेबांच्या आधी तुला कळावं, म्हणून तू फाइलचं वय तपासणाऱ्या दहा-बारा ओळी लिहिल्यास, हे मला आवडलं. कुणी सांगितलं नसताना लिहिल्यास, हे त्याहून आवडलं. आता दोष सांगते. (कमांड मी तोंडाने म्हणते तशाच लिहिते आहे, वजा, अधिक, टक्का ही चिन्हं तुझी तू घाल.)

बॅकअपची फाइल २४ तासांहून जुनी झाली की मेल जातो, असं तू वर टिपून ठेवलं आहेस. तुझ्या मॅकवर ते तसं चालतंही. सर्व्हरवर मात्र ४८ तास उलटल्याशिवाय तो मेल निघणार नाही. म्हणजे दोन रात्री कोरड्या गेल्यावर तुला पत्ता लागणार. वरातीमागून घोडं.

घोळ ‘फाइंड’च्या ‘एमटाइम अधिक एक’ या अटीत आहे. लिनक्सवरचं फाइंड फाइलच्या वयाला २४ तासांनी भागतं आणि अपूर्णांक सोडून देतं. ४७ तासांची फाइल त्याच्या लेखी एक दिवसाची. ‘अधिक एक’ म्हणजे एकाहून जास्त, म्हणजे निदान पुरते दोन. मॅकवरचं फाइंड बीएसडीच्या घराण्यातलं. ते अपूर्णांक सोडत नाही, वरच्या पूर्णांकाला नेऊन लावतं. तिथे २५ तासांच्या फाइलचं वय दोन धरलं जातं आणि तुझी अट लागू पडते. तीच ओळ दोन यंत्रांवर एक दिवसाच्या फरकाने वागते. दोन्हीकडच्या मॅन पेजवर हे स्वच्छ लिहिलेलं आहे, आणि दोन्हीकडे लोक ते ठेच लागल्यावरच वाचतात.

तेव्हा दिवसांत मोजूच नकोस. ‘एममिन’ वापर आणि मिनिटांत बोल. पण म्हणून १४४० लिहून मोकळा होऊ नकोस. तुझा बॅकअप रात्री दोनला सुरू होतो. एके दिवशी २:४० ला संपतो, दुसऱ्या दिवशी डेटा वाढला म्हणून ३:१० ला. तपासणी तू दर तासाला लावली आहेस. त्या दुसऱ्या रात्री तीन वाजता कालची फाइल २४ तास २० मिनिटांची असेल, तुझा मेल सुटेल, आणि दहा मिनिटांनी बॅकअप व्यवस्थित पुरा होईल. असे खोटे मेल चार वेळा आले की माणूस ते न उघडता एका फोल्डरमध्ये वळवायचा नियम करतो, आणि पाचवा खरा असतो. २६ तास धर. १५६० मिनिटं. उशिराला थोडी मोकळीक हवीच.

हा झाला लहान दोष. मोठा दोष असा की तू जुनी फाइल शोधतो आहेस.

जरा थांबून बघ. तुझी स्क्रिप्ट म्हणते: जुनी फाइल सापडली तर ओरड, नाही सापडली तर गप्प राहा. आता समज, बॅकअपच्या डायरेक्टरीत फाइलच नाही. कुणी पुसली, डिस्क माउंट झाली नाही, बॅकअप भलत्याच जागी जाऊ लागला, काहीही. रिकाम्या डायरेक्टरीत फाइंडला जुनी फाइल कशी सापडणार? स्क्रिप्ट गप्प. म्हणजे सगळ्यात वाईट अवस्थेत तुझा पहारेकरी सगळ्यात शांत. प्रश्न उलटा कर. ‘गेल्या २६ तासांत लिहिलेली फाइल दाखव’ असं विचार, आणि काही हाती आलं नाही तर ओरड. मग फाइल जुनी असो, नसो, डिस्क गायब असो, तिन्हींचं उत्तर एकच येतं. अट एका चिन्हाने बदलते, ‘अधिक’च्या जागी ‘वजा’. या पत्रातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं ठरवलंस तर हे ठेव. बाकीचं मॅन पेजवर सापडेल.

हे मी कागदावरचं सांगत नाही. गिटलॅबचं प्रकरण तुझ्या कानावर असेल. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या एका अभियंत्याने चुकून चालू डेटाबेसच्या सर्व्हरवरची डायरेक्टरी पुसायला लावली आणि थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबी गेले होते. असं कुणाकडूनही होतं, त्यासाठीच बॅकअप. रोजचा डम्प ॲमेझॉनच्या एस-थ्री साठ्यात जातो अशी सगळ्यांची समजूत होती. उघडून पाहिलं तर तिथे काही नव्हतं. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा आणि डम्प घेणारा प्रोग्रॅम ९.२ चा चालत होता. तो दर वेळी चूक देऊन थांबायचा. क्रॉन त्या चुकीचे मेल पाठवत होतं, पण मेलवर डीमार्क या मेल-पडताळणीच्या नियमाला हवी ती सही नसल्याने ते समोरून नाकारले जात होते. कुणालाच काही कळलं नाही, कारण मेल नाही याचा अर्थ सगळे ‘ठीक आहे’ असाच घेत होते. शेवटी तारलं ते एका अभियंत्याने चाचणीच्या कामासाठी सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेल्या प्रतीने. कोडच्या रेपॉझिटरी वाचल्या. डेटाबेसमधल्या सुमारे ५,००० प्रकल्पांच्या आणि तितक्याच टिपांच्या नोंदी, सातशेच्या आसपास नवी खाती, हे गेलं ते गेलं.

त्या मंडळींचं एक कौतुक केलं पाहिजे. सगळं त्यांनी स्वतःच जाहीर लिहिलं, दुरुस्तीचं काम लोकांना थेट पाहू दिलं, आणि ज्याच्या हातून झालं त्याला पुढे उभं केलं नाही. आपल्याकडे असं झालं असतं तर आधी चौकशी समिती बसली असती. असो. दुसऱ्या यंत्रावरून रोज ‘आजची फाइल आहे का?’ एवढं विचारणारी एक ओळ तिथे असती, तर तो रिकामा साठा पहिल्याच दिवशी उघडा पडला असता. ‘दुसऱ्या यंत्रावरून’ हे मुद्दाम लिहिते आहे. ज्या सर्व्हरचा बॅकअप, त्याच सर्व्हरवर तपासणी आणि त्याच सर्व्हरवरून मेल, म्हणजे दिव्याखाली अंधार. सर्व्हर बंद पडला की तक्रार करणाराही त्याच्याबरोबर गेला.

आता प्रश्न उलटा केलास, फाइल ताजी निघाली. पुरे का? नाही. तुझा डम्प तू शेलच्या ‘पेक्षा मोठं’ या चिन्हाने फाइलमध्ये वळवतोस. शेल काय करतं माहीत आहे? कमांड चालवण्याच्या आधी ती फाइल उघडून रिकामी करतं. मग कमांड चालते. ती पहिल्याच क्षणी पासवर्ड चुकला म्हणून मेली, तरी फाइल झालेली असते, तिची वेळ आत्ताची असते, आणि आकार शून्य. पाकिटावर आजचा पोस्टाचा शिक्का आहे, आत पत्रच नाही. वर कालचा चांगला बॅकअप त्याच नावाने असेल, तर तोही पुसला गेला. जीझिपमधून काढत असशील तर आणखी फसगत: रिकाम्या मजकुराचीही वीस-एक बाइटची वैध जीझिप फाइल बनते, म्हणून ‘आकार शून्य नाही’ ही परीक्षासुद्धा ती पास होते.

सर्व्हरवर पहारा ठेवणाऱ्या नागिऑससाठी ‘चेक फाइल एज’ नावाचा एक जुना प्लगइन आहे. त्यात वयाच्या मर्यादेबरोबर किमान आकाराची मर्यादा द्यायचीही सोय आहे, ती याचसाठी. न सांगितल्यास तो २४० सेकंदांनंतर इशारा आणि ६०० सेकंदांनंतर धोका सांगतो. रात्रीच्या बॅकअपसाठी हे आकडे निरुपयोगी, मिनिटामिनिटाला लिहिल्या जाणाऱ्या फाइलसाठी ठीक. तो वापर किंवा वापरू नकोस, पण त्याची शिस्त उचल. ठीक असेल तर एक्झिट कोड शून्य, इशाऱ्याला एक, धोक्याला दोन, आणि तपासताच आलं नाही तर तीन. ‘तपासता आलं नाही’ याला वेगळं उत्तर ठेवणारा माणूस शहाणा होता.

आकाराचं मी असं करते: कालच्या फाइलच्या निम्म्याहून लहान असेल तर ओरडायचं. रोज वाढणारा डेटाबेस एका रात्रीत अर्धा होत नाही. झाला तर ते कुणाला तरी कळायलाच हवं. आणि बॅकअप कधीच थेट खऱ्या नावाने लिहायचा नाही. तात्पुरत्या नावाने लिहायचा, डम्पचा एक्झिट कोड पाहायचा, ‘जीझिप वजा टी’ने फाइल शाबूत आहे का ते बघायचं, मग ‘एमव्ही’ने खरं नाव द्यायचं. एकाच फाइलसिस्टिममध्ये नाव बदलणं एका झटक्यात होतं, अर्धवट अवस्था मध्ये येत नाही. डम्प पाइपमधून जीझिपला देत असशील तर ‘पाइपफेल’ चालू कर. नाही तर शेल तुला शेवटच्या कमांडचा, म्हणजे जीझिपचा कोड दाखवेल, आणि जीझिपचं काम तर नेहमीच छान होतं.

इतकं झाल्यावर एमटाइमकडे वळू, कारण ‘फाइलचं वय’ म्हणताना तू गृहीत धरलंस की फाइलला एकच वय असतं.

युनिक्समध्ये फाइलचं नाव डायरेक्टरीत असतं आणि बाकीची माहिती आयनोडमध्ये: मालक, परवानग्या, आकार, मजकूर डिस्कवर कुठे आहे ते. तिथेच तीन वेळा नोंदलेल्या असतात. एटाइम म्हणजे शेवटचं वाचन, एमटाइम म्हणजे मजकुरातला शेवटचा बदल. तिसरी सीटाइम. तिला निम्मे लोक निर्मितीची वेळ समजतात. ती आयनोडमधल्या शेवटच्या बदलाची वेळ आहे. परवानगी बदल, मालक बदल, मजकूर बदल, ती पुढे सरकते. ‘टच’ने एमटाइम हवी तशी मागे-पुढे नेता येते. सीटाइमला मात्र तसा हात लावता येत नाही; उलट एमटाइम मागे नेलीस की त्याच क्षणी सीटाइम आत्ताची होते. म्हणून एखाद्या लॉगची तारीख कुणी मागे ढकलल्याचा संशय आला की जाणती माणसं आधी सीटाइम बघतात.

जन्माची वेळ जुन्या युनिक्समध्ये नोंदलेलीच नव्हती. नंतरच्या फाइलसिस्टिमनी ती साठवायला घेतली, पण वाचायची सरळ सोय लिनक्सवर फार उशिरा आली: २०१७ च्या ४.११ कर्नलमध्ये ‘स्टॅटएक्स’ आला आणि २०१९ च्या कोअरयुटिल्स ८.३१ पासून साधी ‘स्टॅट’ कमांड ती दाखवू लागली. तिच्यावर फार विसंबू नकोस. तो त्या डिस्कवरच्या त्या आयनोडचा जन्म, मजकुराचा नव्हे. नक्कल केलीस की प्रतीचा जन्म आजचा. काही एडिटर जतन करताना नवी फाइल लिहून तिला जुनीचं नाव देतात. मग वर्षानुवर्षं चालत आलेल्या कॉन्फिगचा जन्म काल दुपारचा दिसतो.

एटाइमचं दुखणं वेगळं. फाइल नुसती वाचली तरी वेळ नोंदवायची, म्हणजे प्रत्येक वाचनामागे डिस्कवर एक लेखन. २००९ च्या २.६.३० कर्नलपासून लिनक्सने ‘रिलेटाइम’ हाच नेहमीचा नियम केला: जुनी नोंद शेवटच्या बदलाआधीची असेल किंवा २४ तासांहून जुनी असेल तरच नवी वेळ लिहायची. त्यामुळे ‘सहा महिन्यांत कुणी उघडली नाही अशी फाइल’ एटाइमने सापडते, ‘गेल्या तासाभरात कुणी उघडली’ हे खात्रीने सांगता येत नाही. ‘नोएटाइम’ने माउंट केलेल्या डिस्कवर दोन्ही सोडून दे. आणि बॅकअप घेणारा प्रोग्रॅमही फाइल वाचतोच, हे विसरू नकोस. रोज रात्री सगळ्या फाइली ‘वापरात’ दिसतील.

म्हणजे राहिली एमटाइम. ती या तिघींत सगळ्यात भरवशाची, पण फाइल हलली की तिचं काय होतं ते हलवणाऱ्यावर अवलंबून. ‘एमव्ही’ तिला जपते. साधी ‘सीपी’ प्रतीवर आत्ताची वेळ टाकते, ‘सीपी वजा पी’ मूळची ठेवते. ‘आरसिंक’ला ‘वजा ए’ दिलं तर मूळची, काहीच दिलं नाही तर आत्ताची. ‘टार’ उघडताना मूळची येते. ‘डब्ल्यूगेट’ सर्व्हरने सांगितलेली तारीख लावतो, ‘कर्ल’ तसं सांगितल्याशिवाय लावत नाही. गिट वेळा साठवतच नाही. क्लोन केलेल्या रेपॉझिटरीतली प्रत्येक फाइल आज जन्मल्यासारखी दिसते. झिपमध्ये मूळ साठवण डॉसच्या काळातली, दोन-दोन सेकंदांच्या पायरीने आणि टाइमझोनचा उल्लेख न करता.

हे पाठ करायचं नाही, पण तुझ्या कामाला थेट लागू आहे. तू दुसऱ्या शहरातल्या सर्व्हरवरून ‘आरसिंक वजा ए’ने प्रत आणतोस. तिथल्या फाइलची एमटाइम तुझ्याकडे जशीच्या तशी येते. म्हणजे तू विचारतो आहेस ‘तिकडे बॅकअप कधी झाला?’; ‘माझ्याकडे प्रत कधी आली?’ हे नाही. दोन्ही प्रश्न विचारण्याजोगे आहेत, पण ते दोन आहेत. आणण्याचं काम नीट झालं की शेवटच्या ओळीत एका छोट्या खुणेच्या फाइलला टच कर, आणि तिचंही वय तपास. मधे कुठेही चूक झाली तर ती ओळ गाठली जाऊ नये, इतकी काळजी घे.

वय प्रत्यक्ष काढायचं तर ‘डेट अधिक टक्का एस’ने आत्ताचे सेकंद घे, ‘स्टॅट वजा सी टक्का वाय’ने फाइलचे, आणि वजा कर. वाय मोठ्या लिपीतला. मॅकवर तीच गोष्ट ‘वजा एफ टक्का एम’ने. पॉझिक्स मानकात ‘स्टॅट’ कमांड नाहीच, म्हणून प्रत्येक घराण्याने आपापली केली. ‘एलएस’च्या छापील तारखेतून वय काढण्याच्या फंदात पडू नकोस, सहा महिन्यांहून जुन्या फाइलला ती वेळेच्या जागी वर्ष छापते, आणि तुझं कातरकाम बरोबर सहा महिन्यांनी बिघडतं.

हे सेकंद १ जानेवारी १९७० पासूनचे, ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. आधी असं नव्हतं. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमध्ये वेळ सेकंदाच्या साठाव्या भागात मोजली आहे, १९७१ च्या आरंभापासून. बत्तीस बिटांत असे भाग जेमतेम सव्वादोन वर्षं पुरतात. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांना आरंभाची तारीख पुढे सरकवावी लागली, आणि शेवटी सेकंदांवर यावं लागलं. चिन्हासकट बत्तीस बिटांतले सेकंदही १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपतात. आजची ६४ बिटांची यंत्रं त्यातून सुटली आहेत. कारखान्यांतल्या पेट्यांमध्ये बसवलेली जुनी सुटलेली नाहीत. तू तेव्हा नोकरीतच असशील.

फाइल नसेल तर ‘स्टॅट’ चूक देतं आणि तुझं चल रिकामं राहतं. बॅशच्या गणितात रिकामं म्हणजे शून्य. आत्तातून शून्य गेलं की फाइलचं वय पन्नाशी ओलांडून निघतं, जवळजवळ तुझ्या बाबांच्या बरोबरीचं. मेल जाईल खरा, पण त्यात ‘फाइल फार जुनी’ असं लिहिलेलं असेल आणि रात्री तीनला उठलेला माणूस भलतंच शोधत बसेल. म्हणून आधी ‘आहे का’ ते विचार. ‘लेटेस्ट’ नावाची लिंक असेल तर ‘स्टॅट’ लिंकचंच वय सांगतं. ‘वजा एल’ दे, मोठा एल. आणि वय ऋण आलं तर हसून सोडू नकोस. घड्याळ चुकलेलं आहे. रास्पबेरी पायच्या जुन्या बोर्डांवर बंद असताना चालणारं घड्याळच नाही; एनएफएसवर फाइलला वेळ लावतो सर्व्हर आणि वजाबाकी करतं तुझं यंत्र. ऋण वयालाही एक्झिट कोड तीन.

आमच्या ऑफिसच्या शाखांमध्ये स्को युनिक्स होतं तेव्हा आम्ही ही वजाबाकी करतच नव्हतो. डे-एंड, म्हणजे दिवसअखेरचं काम, सुरू होताना टचने एक खुणेची फाइल करायची. डे-एंड संपला की फाइंडला ‘न्यूअर’ सांगून त्या खुणेनंतर बदललेल्या फाइली मागायच्या आणि टेपवर घ्यायच्या. घड्याळ चुकलेलं असलं तरी दोन्ही फाइली त्याच घड्याळाने चुकलेल्या. ‘मेक’ही हेच करतो, स्टुअर्ट फेल्डमन यांनी तो १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिला, तेव्हापासून तो कुणाचं वय विचारत नाही, या दोघींत नवी कोण एवढंच विचारतो. मला अजूनही हीच रीत जास्त पसंत आहे. बॅशमध्ये दोन फाइलींच्या मधे ‘वजा एनटी’ लिहिलंस की झालं.

एक धोका मात्र सावकाश वाच. तुझ्या दुसऱ्या स्क्रिप्टमध्ये ३० दिवसांहून जुने बॅकअप पुसायची ओळ आहे. ‘डिलीट’ हा शब्द वयाच्या अटीच्या मागेच ठेव. पुढे गेला तर फाइंड आधी पुसतं, अट मग बघतं. पण तेही सोड. समज, बॅकअप आज बंद पडला आणि कुणाला कळलं नाही. पुसणारी ओळ मात्र नेमाने चालू आहे. महिन्याभरात ती शेवटचा चांगला बॅकअपही पुसून टाकेल, आणि तिचा काही दोष नसेल. तिने सांगितलं तेवढंच केलं. वयावरून पुसायचं तर आधी ताजी, धडधाकट फाइल आहे याची खात्री करून मगच. नाही तर संख्येवरून पूस: शेवटच्या तीस ठेव, बाकीच्या काढ. बॅकअप थांबला तर पुसणंही आपोआप थांबतं. मी या दुसऱ्या रीतीच्या बाजूची आहे.

तारखेचं एक राहिलं. सेकंदांना टाइमझोन नसतो, म्हणून वयाच्या वजाबाकीत काही बिघडत नाही. फाइलच्या नावात मात्र तू तारीख घालतोस, आणि तुमचे सर्व्हर यूटीसीवर आहेत. आपल्याकडे रात्रीचे दोन म्हणजे तिथे आदल्या दिवशीचे साडेआठ, संध्याकाळचे. सर्व्हर नावात कालची तारीख लिहील आणि तुझा लॅपटॉप आजच्या तारखेची फाइल शोधेल. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात हे दोघे कधीच जुळणार नाहीत. नावातली तारीख माणसांना वाचायला ठेव, तपासणीला एमटाइम.

स्क्रिप्ट मी दुरुस्त करून पाठवत नाही. ते तुझं तू कर. येत्या शनिवारी एवढं कर: एक रिकामा सर्व्हर मागून घे, त्या बॅकअपमधून डेटाबेस पुरता उभा कर, आणि किती वेळ लागला ते साहेबांना लेखी कळव. फाइल ताजी, मोठी आणि शाबूत असूनही उभं राहायला तिला नऊ तास लागत असतील, तर ते त्यांना आत्ताच माहीत असलेलं बरं. आईला सांग, दिवाळीत येते.

तुझी,
आत्या

ता. क. तपासणीची ओळ क्रॉनटॅबमध्ये थेट लिहू नकोस. तिथे टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ, आणि तुझी ‘डेट’ची कमांड मधेच तुटेल. टक्क्याआधी बॅकस्लॅश घातला तर चालतं, पण सहा महिन्यांनी तो कुणीतरी काढून टाकतो. सगळं स्क्रिप्टमध्ये ठेव आणि क्रॉनटॅबमध्ये तिचा पूर्ण पत्ता दे.